आधीचा रकाना

2022 सालची शाहू जयंती रविवारी आली होती. तरी शाळा भरली. 26 जूनला कोल्हापुरातल्या शाळेचं कुलूप उघडलं नाही, असं सहसा होत नाही. मुलं मैदानावर ओळीनं उभी, प्रतिमेला हार, उदबत्ती, आणि मुख्याध्यापकांचं भाषण. ते भाषण मला आता पाठ झालंय. महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, जो पालक पोराला शाळेत पाठवणार नाही त्याला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया! दरवर्षी तेच वाक्य येतं आणि दरवर्षी मी ते कान देऊन ऐकते.

त्या दिवशीही ऐकत होते. आणि त्याच वेळी मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीपाशी, पाचवीतला एक मुलगा भिंतीकडं तोंड करून उभा होता. ओळीत पुढच्याच्या शर्टात खडे टाकले म्हणून. त्याला तिथं मीच उभं केलं होतं. मुलाला शाळेत आणण्यासाठी दंड लावणाऱ्या राजाची जयंती, आणि माझ्या वर्गाचा एक मुलगा जयंतीच्या बाहेर. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. मला एवढंच वाटलं, की चला, अर्धा तास शांततेत जाईल.

त्याचं नाव इथं सांगणार नाही. हजेरीत त्याचा क्रमांक 23 होता आणि आम्ही शिक्षक चहाच्या वेळी मुलांबद्दल बोलताना कितीतरी वेळा क्रमांकच बोलतो, म्हणून इथं तो तेवीस.

तेवीस शुक्रवार पेठेतला, नदीकडच्या बाजूला राहणारा. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत, बहुतेक रात्रपाळीला. आई दोन घरची धुणीभांडी करून दुपारी शिलाई मशिनवर बसायची. दुसरीच्या मार्चमध्ये कोरोनानं शाळा बंद पडली. तिसरी फोनवर गेली, म्हणजे गेलीच, कारण घरात फोन एक आणि तो वडिलांबरोबर फौंड्रीत. चौथीचे शेवटचे थोडे महिने तेवढे वर्गात. असा तो जून 2022 मध्ये माझ्या पाचवीत आला. कायद्याच्या हिशेबानं पाचवीपर्यंत तीस मुलांमागं एक शिक्षक असावा. माझ्या वर्गात चोपन्न होती.

पहिल्या पंधरवड्यात त्यानं काय काय केलं, ते मला विचारलं असतं तर मी धडाधडा सांगितलं असतं. बाक वाजवला. एकाच्या दंडाला चावला. शिव्या दिल्या, त्याही अशा की मला एक-दोन नव्यानं कळल्या. वर्गातून उठून पळाला आणि जिन्याखाली जाऊन बसला. स्टाफरूममध्ये प्रत्येकाकडं त्याच्यासाठी एक शब्द तयार होता. जुन्या सरांचा शब्द ‘वांड’. आमच्या बाईंचा ‘द्वाड’. कुणी म्हणे मोबाईलनं बिघडलंय, आणि मोबाईल त्याच्या वाट्याला येतच नव्हता ते सोडा. नव्यानं लागलेला एक शिक्षक म्हणाला, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, एका जागी न बसवण्याचा आजार. तो आजार खराच आहे, काही मुलांना औषधाचा फार चांगला उपयोग होतो. पण त्याचं निदान डॉक्टर करतात. लक्षणं सहा महिन्यांहून जास्त दिसावी लागतात, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, आणि नुसत्या वर्गात नाही तर घरीही दिसावी लागतात. चहा-बिस्किटावर ते ठरत नाही.

माझ्याकडं शब्द नव्हता, पण उपाय होता. ‘बाहेर हो.’ दोन शब्दांत काम व्हायचं. तो बाहेर जायचा, वर्ग शांत व्हायचा, धडा पुढं सरकायचा.

जुलैत आमचं एक प्रशिक्षण झालं. अशा प्रशिक्षणांना आम्ही कसे जातो ते शिक्षक जाणतात: मागच्या रांगेत, पेपर तपासायला घेऊन. तिथं समावेशित शिक्षणाच्या एक विशेष शिक्षिका बोलायला होत्या. वयानं माझ्याहून लहान. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठून तेवीसची सगळी कुंडली सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “बाई, एक वही करा. तीन रकाने पाडा. आधी, काय झालं, नंतर. मधला रकाना तुम्हाला पाठच आहे. पहिला कुणी भरत नाही.”

मला थोडा रागच आला. मी उपाय विचारायला गेले होते, आणि ह्यांनी गृहपाठ दिला.

तरी वही केली. पहिल्या आठवड्याची पानं आज काढून बघितली की मला माझंच हसू येतं. ‘मंगळवार, तिसरा तास. आधी: काही नाही. काय झालं: शेजारच्याचं पुस्तक फाडलं. नंतर: बाहेर उभा केला.’ ‘बुधवार. आधी: काही कारण नसताना. काय झालं: दप्तर खिडकीतून फेकलं. नंतर: बाहेर.’ ‘काही कारण नसताना’ हे शब्द त्या आठवड्यात मी अकरा वेळा लिहिलेत.

मग मला वाटलं, सापडलं. जुलैचा पाऊस धो-धो लागलेला, आणि तेवीसचं घर नदीकाठचं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात तो दुसरीत होता. जुलै 2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा चौथीत. त्याच्या आईनं सांगितलं होतं, पहिल्या वेळी बोटीतून काढलं आणि पुढचे दिवस एका शाळेच्या वर्गात चटईवर काढले. मी मनातल्या मनात सगळी गोष्ट जुळवली: पाऊस, भीती, आठवण, संताप. खरं सांगायचं तर ती गोष्ट मला आवडलीच. मैत्रिणीला फोन करून सांगितलीही. पुरात अडकलेलं पोर आणि त्याला समजून घेणारी बाई. यात बाईचं काम फार चांगलं होतं.

तीन आठवडे झाल्यावर एका रविवारी वही घेऊन बसले. एकतीस नोंदी होत्या. पावसाच्या दिवसांपुढं खुणा केल्या. पाऊस जोरात होता त्या दिवशी नोंदी कमी होत्या. अशा दिवशी तो खिडकीपाशी बसून बाहेर बघत असायचा, कुणाच्या वाटेला जायचा नाही. झालं, गोष्ट बुडाली.

मग तास मोजले. एकतीसपैकी सतरा नोंदी तिसऱ्या तासाच्या. तिसरा तास रोज मराठीचा. मराठी मी शिकवते.

अजून नीट बघितलं. पाचवीला मी प्रकट वाचन घ्यायचे. पहिल्या बाकापासून सुरुवात, एकेकानं उठून एकेक परिच्छेद वाचायचा, अडखळला की बाकीच्यांनी सांगायचं. तीस वर्षांपूर्वी मीही असंच वाचत शिकले. तेवीस मधल्या ओळीत पाचव्या बाकावर. स्फोट व्हायचा तो वाचन चौथ्या बाकावर पोचलं की. त्याला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. आपला परिच्छेद कुठला येणार हे तो बोटांवर मोजून ठेवायचा, तो आपल्याला जमणार नाही हेही त्याला कळायचं, आणि मग पुस्तक फाटायचं. पुस्तक फाटलं की मी म्हणायचे, बाहेर हो.

मी शिक्षा देतेय असं मला वाटत होतं. तो सुटका विकत घेत होता, आणि तिची किंमत मीच ठरवून दिली होती.

मी वही मिटली. आबा, माझे सासरे, झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, काही नाही. हेही तेच, काही कारण नसताना.

इथं एक चूक सांगायला हवी, कारण ती मला अजून टोचते. त्या विशेष शिक्षिकेला मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “आधी ‘आधी’ बदला.” म्हणजे ते ओळीनं उठून वाचायला लावणं थांबवा. मला ते पटलं, पण घाई होती, आणि पाठ्यक्रमही पुढं ओढायचा होता. मी ‘नंतर’ बदललं. वाचन तसंच ठेवलं आणि त्याला बाहेर पाठवायचं तेवढं बंद केलं. म्हटलं, सुटका मिळाली नाही की आपोआप गप बसेल.

आपल्या नळाला एखाद्या सकाळी पाणी आलं नाही तर आपण तोटी बंद करून गप घरात जात नाही. आणखी पिळतो. मग पाईपवर हातानं मारतो. मग शेजारणीला हाक मारून विचारतो, आणि वर कार्पोरेशनच्या नावानं शंख करतो. रोज येणारं पाणी बंद झालं की आधी माणूस जास्तच करतो, सोडून देतो तो नंतर. मुलांचंही तसंच, आणि हे वर्तनावर काम करणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. जी गोष्ट केल्यानं काहीतरी मिळत होतं ते मिळायचं थांबलं, की ती गोष्ट कमी होण्याआधी कित्येकदा वाढते. शिक्षक नेमके तिथंच हात टेकतात. मी तर मुलाची वाट अडवली होती आणि पुढची भीती तशीच ठेवली होती.

पाचव्या दिवशी त्यानं कंपासपेटी भिरकावली. पत्र्याची. ती पुढच्या मुलाच्या कपाळाला लागली. दोन टाके.

त्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. तिच्याबद्दल मला इथं जरा थांबून लिहायचंय, कारण असल्या लेखांमध्ये तिला नेहमी खलनायिका करतात. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, “बाई, तुम्ही त्या पोराला समजून घेताय, चांगलं आहे. माझ्या पोराच्या कपाळावर का?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. एका मुलाला सांभाळण्याचा खर्च शेजारच्या बाकावरच्या मुलानं द्यायचा, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. तिच्या पोराला मी दुसऱ्या दिवशी जागा बदलून दिली आणि आठवडाभर मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ थांबले. ते पुरेसं नव्हतं, तिलाही ते माहीत होतं.

मग ऑफिसात बैठक झाली. तेवीसच्या आईला बोलावलं. तिला सांगितलं गेलं की दाखला घ्या, दुसरीकडं घाला, ‘स्वखुशीनं’ असा अर्ज लिहून द्या. ‘स्वखुशी’ हा शब्द शाळांमध्ये फार उपयोगाचा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं सोळावं कलम सांगतं, की आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. दोन्ही कलमं मला माहीत होती, त्यांच्यावर प्रशिक्षण झालं होतं. त्या खोलीत मी त्यातलं एकही बोलले नाही. पंख्याकडं बघत बसले.

बोलली ती आई. चपला दाराबाहेर काढून आली होती, खुर्चीवर बसली नव्हती. म्हणाली, “तुम्ही काढलंय असं लिहून द्या, मग मी नेतो.” आमच्याकडं बायकाही ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. तेवीस शाळेत राहिला.

बैठक उठताना मात्र मुख्याध्यापक म्हणाले, “तालमीत घाला त्याला. सरळ होईल.” हा कोल्हापूरचा रामबाण. पोरगं वांड निघालं की पेठेतले दहापैकी आठजण हेच सांगतात, आणि घरी आबांनीही हेच सांगितलं. आबा तरुणपणी लाल मातीत होते, शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात आपण कुणाकुणाच्या कुस्त्या बघितल्या ते अजून रंगवून सांगतात. मला मात्र ‘सरळ’ या शब्दाची चीड आहे. लोखंड सरळ करतात. ते ठोकून करतात.

तरी गेले. आबांच्या ओळखीचे एक वस्ताद, नदीकडच्याच एका तालमीतले. आता मुलीही कुस्ती खेळतात, पण या जुन्या तालमीत बायका आत जात नाहीत, म्हणून मी दारातच उभी. वस्ताद बाहेर आले, कट्ट्यावर बसले. मी तेवीसची कुंडली सुरू केली: चावतो, फेकतो, पळतो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

“झोपतंय किती वाजता?”

मला माहीत नव्हतं.

“सकाळी काय खाऊन येतंय?”

तेही माहीत नव्हतं. शाळेत त्याच्याबद्दल इतकी चर्चा झाली, हे दोन प्रश्न कुणाला सुचले नाहीत. नंतर त्याच्या आईला विचारलं तेव्हा कळलं, वडील रात्री पाळीला निघेपर्यंत एका खोलीत टीव्ही चालू, मग आईची मशिन. झोपायला बारा. सकाळी चहा आणि बटर.

मी वस्तादांना घाबरत घाबरत विचारलं, मारता का? आबांच्या गोष्टीत वस्ताद रोज मारायचे. ते म्हणाले, “मारून पैलवान होत न्हाई बाई. मारून पळपुटं होतंय.” मग जरा थांबून, “आम्ही खाल्लाय मार. खोटं कशाला बोला?”

त्यांनी तेवीसला दोन महिने कुस्ती खेळूच दिली नाही. पहाटे साडेपाचला यायचं आणि आखाड्यातली माती उकरायची. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू असं काय काय घालतात, ती फावड्यानं खालीवर करत राहावी लागते, नाहीतर घट्ट होते. मग जोर-बैठका. मग एक पेला दूध. साडेपाचला यायचं म्हणून नऊला झोपणं आलं. आईनं मशिन दुपारपुरती ठेवली.

तालमीनं तेवीस सुधारला असं मी म्हणणार नाही, पेठेतले म्हणतात. मी मात्र एका पहाटे आबांबरोबर जाऊन दारातून बघत उभी राहिले, आणि जे दिसलं ते कामाचं होतं. मोठी पोरं एकमेकांना पाडत होती. धप्प. पडलेला उठायचा, पाठीवरची माती झटकायचा, पुन्हा उभा. कुणी हसत नव्हतं. अर्ध्या तासात वीसेक वेळा माणसं पडली असतील आणि एकालाही त्याची लाज नव्हती. पडणं हे तिथलं रोजचं काम आहे. माझ्या वर्गात एक मूल ‘कृतज्ञता’ या शब्दावर अडखळलं की त्रेपन्न जण त्याच्याकडं बघायचे.

शेवटी ‘आधी’ बदललं. एकेकाला उठवणं बंद. सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचायचं, मग जोडीनं. तेवीसला दुसऱ्या दिवशीची एकच ओळ आदल्या दिवशी शाळा सुटताना दाखवायची, ती माझ्यासमोर तीनदा वाचायची, आणि उद्या वर्गात तेवढीच त्याची. कुणाला कळायचंही नाही की ती आधी ठरलेली आहे. शिवाय केएमटीची तिकिटं. माझ्या पर्समध्ये बसच्या जुन्या तिकिटांचा गठ्ठा पडलेला असतो, त्यातली तीन रोज सकाळी त्याला द्यायची. डोक्यात गरगरायला लागलं, बसवेना, की एक तिकीट माझ्या टेबलावर ठेवायचं, न विचारता बाहेर जायचं, पाणी पिऊन यायचं. कारण सांगायचं नाही, मी विचारायचं नाही. बाहेर जाणं तेच, पण आता त्यासाठी पुस्तक फाडायला लागत नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यानं तिन्ही तिकिटं पहिल्याच तासाला उडवली. दुसऱ्या दिवशीही. आठवड्यानं एखादं शिल्लक राहायला लागलं. शिल्लक तिकिटं तो कंपासपेटीत ठेवायचा. हो, त्याच.

मध्ये मी एक उद्योग केला, तो फसला. 1969 साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये चौथीच्या एका वर्गावर करून बघितलेला एक खेळ आहे. वर्गाचे दोन गट करायचे, नियम मोडला की गटाच्या नावापुढं फळ्यावर खूण, खुणा कमी त्या गटाला छोटं बक्षीस, दोन्ही गटांच्या खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोन्ही जिंकले. पुढं तो खेळ पुष्कळ देशांत वापरला गेला, पण कॅन्ससमध्ये पेठांचं फुटबॉल नाही. माझ्या वर्गात दोन गट पाडल्या पाडल्या घोषणा सुरू झाल्या, आणि ‘दोघंही जिंकू शकतात’ हा नियम त्यांना नियमच वाटेना. “मग हारलं कोण?” एकानं विचारलं. तिसऱ्या दिवशी तेवीसमुळं खुणा वाढल्या म्हणून त्याच्याच गटातली चार पोरं शाळेबाहेर त्याची वाट बघत होती. खेळ बंद केला.

एक फोन मात्र लक्षात आहे. सप्टेंबरात त्यानं न अडखळता दोन ओळी वाचल्या. मी दुपारी त्याच्या आईला फोन लावला, सांगितलं. पलीकडं शांतता. मशिन थांबल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “बरं. आणि काय केलंय?” शाळेतून येणाऱ्या फोनला शेवटी एक ‘पण’ असतो, तिला तो ऐकायचा होता. मला तीनदा सांगावं लागलं की दुसरं काही नाही, एवढंच. त्या दिवसापासून महिन्यातून एकदा चोपन्नपैकी काही पालकांना मी विनाकारण फोन करते. विनाकारण म्हणजे तक्रारीशिवाय.

तेवीसच्या वहीत मी इतकी गुंतले, की दुसऱ्या ओळीतली एक मुलगी मला दिसलीच नाही. अक्षर मोत्यासारखं, वह्या वेळेवर, कधी तक्रार नाही. बोलायची कमी, आणि निघताना “बाई, मी येतो” म्हणायची तेवढंच. तिच्याबद्दल मला सांगितलं ते वर्ग झाडणाऱ्या मावशींनी. डिसेंबरात, सगळी गेल्यावर, मी पेपर तपासत बसले होते. मावशी केरसुणी थांबवून म्हणाल्या, “बाई, या बाकाखाली रोज केस घावतात बघा. लांब. झिपरी न्हवं, एकेक.”

दुसऱ्या दिवशी मी बघितलं. धडा चालू असताना तिचा डावा हात वेणीच्या मुळाशी. एक केस, बोटाला गुंडाळला, ओढला. चेहऱ्यावर काहीही नाही. कानामागं रुपयाएवढा चट्टा होता, तिनं भांग बदलून झाकलेला. आईला वाटत होतं चाई पडलीय, ती कसलं तरी तेल चोळत होती.

तिच्यासाठीही मी रकाने पाडले. मधला रकानाच कोरा राहिला. काय झालं? काहीच झालं नाही. ती ओरडली नाही, कुणाला लागलं नाही, धडा थांबला नाही. मग ‘आधी’ कशाचं शोधणार? जून ते डिसेंबर ती माझ्यासमोर बसून एकेक केस उपटत होती आणि माझ्या लेखी तो चांगला वर्ग होता.

आधी त्वचेच्या डॉक्टरांकडं झालं, त्यांनी पुढं मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. तिथं घरचे अडले. मुलीची जात, पुढं लग्नाच्या वेळी कुणी काढलं म्हणजे? मी त्यांना दोष देणार नाही, आमच्या घरातही अशा वेळी दार लावूनच बोलतात. त्या हिवाळ्यात 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर नुकताच सुरू झाला होता, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. तो मी तिच्या आईला लिहून दिला. समोर बसायचं नाही, नुसतं फोनवर बोलायचं, हे त्यांना सोपं गेलं. तिथून पुढं डॉक्टरांपर्यंत गेल्या. या सवयीला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. डॉक्टरांनी सांगितलेलं काम साधं होतं: हात वर जायला लागला की ते तिनं आपलं आपण ओळखायचं आणि तेवढा वेळ हाताला दुसरं काम द्यायचं. शाळेत मी माझ्याकडून लोकरीचा एक गोफ तिला दिला, गाठी मारायला आणि सोडायला. आणि “हात खाली घे” असं म्हणायचं नाही, हे स्वतःला बजावलं. ते जास्त अवघड होतं. मार्चपर्यंत चट्टा भरत आला, मग परीक्षेत पुन्हा उघडा पडला. सहावीला ती दुसऱ्या शाळेत गेली. शेवटच्या दिवशी गोफ परत करायला आली, मी घेतला नाही.

तिला कुणी म्हटलं नाही, तालमीत घाला.

तेवीसचंही सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीनंतर नोंदी रोजच्या दोनावरून आठवड्याला दोनावर आल्या. फेब्रुवारीत त्यानं एकाला पुन्हा चावलं, आधीच्या रकान्यात मला काही सापडलं नाही. वाचन तिसरीच्या मुलाइतकं. विशेष शिक्षिका म्हणाल्या, अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे जे 21 प्रकार आहेत त्यात ती येते, आणि प्रमाणपत्र असलं तर पुढं परीक्षेत वेळ वाढवून मिळतो, लेखनिक मिळतो. वडील पहिल्यांदाच शाळेत आले, रात्रपाळी करून, डोळे लाल. म्हणाले, “अपंगाचा दाखला नको बाई. बडवा पाहिजे तर.” त्यांना समजवायला सहावीचं अर्धं वर्ष गेलं, आणि समजावलं ते वस्तादांनी, मी नाही.

सहावीत तो माझ्या वर्गात नव्हता. पण जुलैत पाऊस लागला आणि एका सकाळी स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. “बाई, पाणी किती फुटावर हाय?” पावसाळ्यात कोल्हापुरात हाच नमस्कार असतो. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43, हे इथल्या दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ. मी मोबाईलवरचा मेसेज त्याच्यासमोर धरला, म्हटलं, तूच वाच. त्यानं वाचला. फूट, इंच, बंधारा, विसर्ग. ‘विसर्ग’वर अडखळला, मागं गेला, पुन्हा आला. स्टाफरूममध्ये चार शिक्षक होते आणि कुणी मान वर केली नाही. निदान त्या दिवशी आम्हाला एवढं जमलं.

जिन्यापाशी एक जुना फळा आहे, सुविचाराचा. दुसऱ्या दिवसापासून सुविचार बंद झाला आणि तेवीस तिथं पाण्याची पातळी लिहायला लागला. सकाळी तालमीतून येताना नदीवर जाऊन यायचा, मग माझ्या मोबाईलवरचा आकडा बघायचा, मग लिहायचा. ‘ईशारा पातळी 39 फूट.’ मुख्याध्यापक म्हणाले, पहिलं अक्षर चुकलंय, पुसून घ्या. मी म्हटलं, घेते. घेतलं नाही. गुरुवारी त्यानं आपणच पेपरातला शब्द बघितला, फळ्याकडं बघितलं, ‘ई’ बोटानं पुसून ‘इ’ केला आणि इकडं तिकडं बघून घेतलं, कुणी पाहिलं का. मी जिन्यावर होते, पण मी पंख्याकडं बघत होते.

महिना सरता सरता पाऊस ओसरला. त्यानं आदल्या दिवशीचा आकडा पुसला, खालचा लिहिला. “उतरालंय बाई,” म्हणाला, आणि खडू खिशात टाकून पळाला. खडू शाळेचा होता.